ड्रेडनॉट मापाची पेटी

अकूस्टिक गिटारसाठी हार्ड केस, म्हणजे प्लायवुडच्या सांगाड्याला आतून मखमली अस्तर लावलेली टणक पेटी, निवडताना ‘ड्रेडनॉट’ एवढे नाव उच्चारले की पुरे, अशी विक्रेत्यांची दृढ श्रद्धा असून तिला मोजपट्टीचा विटाळ सहसा होऊ दिला जात नाही. वस्तुतः रुंद खांद्यांचा आणि जेमतेम कंबरेचा हा आकार मार्टिन कंपनीने १९१६ साली डिट्सन कंपनीसाठी घडवला. पुढे त्याच्या असंख्य नकला झाल्या आणि ज्याने त्याने घेर व खोली आपापल्या मर्जीने ठरवली, त्यामुळे सर्वांना बसणारी पेटी नेमकी हाती असलेल्या गिटारला बसत नाही. वाद्य आत खुळखुळू लागले की टॉवेल कोंबण्याचा सल्ला मिळतो (टॉवेल अर्थातच ग्राहकाचा). खरी मेख मानेपाशी आहे: मान आधारावर टेकलेली, पण हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा माथा, अधांतरी राहावा लागतो, कारण तो तळाला टेकला असेल तर पेटी पाठीवर पडताच धक्का तिथेच बसून मान मोडू शकते, पेटीला मात्र ओरखडाही उठत नाही, आणि हमीपत्र पेटीचेच असते.