नेट जाणे : निदान व उपचार

राऊटर जागेवर असतो, बिल भरलेले असते, तरी घरातल्या एकाही मोबाइलवर काही उघडत नाही, या अवस्थेला 'नेट जाणे' म्हणतात. विकाराचे दोन प्रकार आहेत. कायमचे गेलेले नेट हा सोपा प्रकार. त्याची तक्रार करता येते. येऊन-जाऊन असलेले नेट हा अवघड प्रकार. तंत्रज्ञ दारात चपला काढतो न काढतो तोच ते ठणठणीत होते आणि तो जिन्याच्या वळणावर पोचला की पुन्हा मान टाकते. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या प्रकाराचे आहे.

नमुन्यासाठी नागपुरातील एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावरचा फायबरचा राऊटर आणि त्याचे पालक घेतले आहेत. पालक लेखा विभागातून निवृत्त झालेले असून पुढे त्यांचा उल्लेख 'गृहस्थ' असा केला आहे.

१. दिवे वाचणे

राऊटरला बोलता येत नाही, पण तो डोळे मिचकावतो. 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल झाला तर तारेतून पुरेसा प्रकाश पोचत नाही असे समजावे. तार कुठेतरी तुटली आहे, मुडपली आहे किंवा जोडातून निसटली आहे. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर न राहता लुकलुकत राहिला तर प्रकाश येतो आहे, पण पलीकडच्या यंत्राने राऊटरला अजून ओळख दिलेली नाही. दोन्ही दिवे नीट असूनही काही उघडत नसेल तर दोष खात्यात, सेटिंगमध्ये किंवा कंपनीकडे.

सगळे दिवे एकदम विझून एकेक करून परत लागत असतील, तर नेट गेलेलेच नाही. राऊटरची वीज गेली होती. हे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते कोणी पाहत नाही, कारण तेवढी दोन मिनिटे सगळे घर मोबाइलकडे पाहून एकमेकांना "तुझंही गेलं का?" असे विचारत असते.

२. तार

काचेच्या तंतूतून प्रकाश लांबवर नेता येईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले आणि त्यासाठी २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना अर्धा वाटा मिळाला. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. नमुना घरात ही तार बाल्कनीच्या ग्रिलमधून येते, कूलरच्या मागून जाते आणि उरलेली दोन मीटर लांबी गृहस्थांनी सुतळीच्या गुंडीसारखी आवळून खिळ्याला अडकवली आहे. तीव्र वळणावर प्रकाश तारेबाहेर गळतो. म्हणून वेटोळे निदान चहाच्या बशीएवढे ठेवावे. टोकाची हिरवी पिन उगाच काढू नये, काढलीच तर टोकाला बोट लावू नये, फुंकर मारू नये आणि आत डोळा लावून तर मुळीच पाहू नये. आतला प्रकाश अवरक्त असतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

तारेवर रुमाल वाळत घालू नयेत. हे लिहावे लागते यातच सगळे आले.

३. जागा

राऊटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्या हवेत असावा. प्रत्यक्षात तो शोकेसमध्ये, काचेच्या सरकत्या दाराआड, मुलाच्या शाळेतल्या वक्तृत्वाच्या ढालीमागे असतो आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असतो. हा रुमाल मुळात टीव्हीसाठी विणलेला होता. पुढे टीव्ही सपाट झाले, त्यांना माथाच उरला नाही आणि रुमाल बेकार झाला. राऊटर आल्यावर त्याला पुन्हा नोकरी लागली.

पुष्कळसे घरगुती राऊटर भोवतालच्या ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. नागपूरचा मे महिना तिथून पुढे सुरू होतो. तापलेला राऊटर मंदावतो, अडखळतो, कधी स्वतःच बंद होऊन उठतो. म्हणून रुमाल काढावा. मात्र तो परस्पर काढू नये. जिने विणला तिला आधी विचारावे.

४. वाय-फाय आणि नेट

ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. राऊटरशेजारी उभे राहिले की चालते आणि आतल्या खोलीत चालत नाही, तर नेट शाबूत आहे, भिंत जाड आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बऱ्यापैकी जाते, पण मायक्रोवेव्हही साधारण त्याच पट्ट्यात चालतो आणि शेजारपाजारचे सगळे राऊटरही तिथेच गर्दी करतात. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच धरतात, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण दोन भिंतींत दमते. शंका आल्यास लॅपटॉप लॅनच्या केबलने थेट राऊटरला जोडून पाहावा. केबलवर चालले तर कंपनीला फोन करू नये.

५. बंद करून चालू करणे

हा उपाय हास्यास्पद वाटतो आणि बहुधा लागू पडतो. राऊटर हा छोटा संगणकच असतो. महिनोन्‌महिने न झोपता काम करून त्याची स्मृती तुंबते. बंद-चालू केल्यावर ती रिकामी होते आणि तो कंपनीकडे नव्याने हजेरी लावतो. बटण बंद करून अर्धे मिनिट थांबावे. गृहस्थ तीसपर्यंत मोठ्याने मोजतात. मध्ये कोणी बोलले तर पुन्हा एकपासून.

६. रीसेट

रीस्टार्ट आणि रीसेट हे भाऊभाऊ नव्हेत. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नये. सेटिंग, पासवर्ड, सगळे पुसले जाते.

७. कस्टमर केअर

तिकडचा मुलगा बंद-चालू करायला सांगणार. ते केलेले असल्याचे सांगितले तरी सांगणार. मग तक्रार क्रमांक मिळतो, आणि चार तासांनी, नेट अजून येत-जात असताना, तक्रारीचे निवारण झाल्याचा मेसेज येतो. यावर उपचार उपलब्ध नाही. त्या मुलावर ओरडू नये. त्याच्या घरचेही जात असेल.

८. वही

गृहस्थांनी या विकारासाठी दोनशे पानी वही घातली आहे. तिला पट्टीने आखलेले चार रकाने आहेत : दिनांक, गेले, आले, शेरा. "६.०५ गेले. ६.०८ आले. नेहमीप्रमाणे." घरात या वहीची यथेच्छ टिंगल झाली. मुलाने पुण्याहून नोंदी ठेवणारे एक ॲप पाठवले. त्या ॲपला चालायला नेट लागत होते.

शास्त्र मात्र वहीच्या बाजूचे आहे. येत-जात असलेल्या दोषाची वेळ हीच त्याची ओळख असते. दुपारी जाते तर उष्णता, पावसात जाते तर बाहेरचा जोड, रात्री नऊनंतर नुसतेच मंदावते तर गर्दी. या वहीत अकरा दिवस सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सातच्या सुमारास नोंद होती आणि एका रविवारी एकही नव्हती. त्या रविवारी वॉचमन गावी गेला होता आणि टाकीत पाणी चढवायची मोटर कोणी लावलीच नव्हती. घरात आंघोळीवरून भांडण झाले होते. तेही शेऱ्यात होते.

दुसऱ्या दिवशी सहाला राऊटरसमोर खुर्ची टाकून बसल्यावर उलगडा झाला. खाली मोटर घुरघुरली, स्वयंपाकघरातला दिवा क्षणभर मंदावला आणि राऊटरचे सगळे दिवे एकदम विझून एकेक करून परत लागले. मोटर सुरू होताना विजेचा दाब जरा खाली येतो. चांगला अडॅप्टर तेवढे सहज निभावतो. दुबळा मान टाकतो.

९. अडॅप्टर

राऊटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे छापले होते. भिंतीतल्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर. मूळ अडॅप्टर दिवाळीत जळाला, तेव्हा गृहस्थांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून जुन्या सेट-टॉप बॉक्सचा काढून लावला होता. पिन बसली, दिवा लागला, पैसे वाचले. नियम असा : व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत, पिनीचे अधिक-उणेही जुळले पाहिजे. पिन बसणे हा पुरावा नव्हे.

म्हणजे दोष डब्याने घातला आणि वहीने काढला, आणि दोन्ही एकाच माणसाची. नवा अडॅप्टर लावल्यापासून वहीत नोंद नाही. जुना टाकून द्यावा, असे शास्त्र सांगते. तो डब्यात परत गेला आहे, त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे : "राऊटरला लावू नये. बाकी चांगला आहे."