आप्पा, ग्रॅनाइट आणि चार माणसांचा तंबू

बेंगळुरूच्या मुलखात तंबू ठोकणं मराठी माणसाला नवीन नाही. शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली तेव्हापासून आपले डेरे आणि राहुट्या या बाजूला येत-जात आहेत. मे १७९१मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणहून उपाशी फौज घेऊन माघारी फिरला, तेव्हा वाटेत त्याला परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके भेटले. उशिरा भेटले, पण अख्खा बाजार सोबत घेऊन. मराठ्यांच्या छावणीत विलायती बनातीपासून बर्मिंगहॅमच्या चाकूपर्यंत सगळं विकत मिळायचं, असं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. भाव चढे होते हेही लिहायला ते विसरलेले नाहीत.

माझे सासरे आप्पा तासगावचे, म्हणजे परशुरामभाऊंच्याच गावचे. त्यामुळे मुलांच्या दसऱ्याच्या सुटीत एक रात्र तंबूत काढायची असं घरात ठरलं आणि मोहिमेची सूत्रं कुणी न देताच त्यांच्याकडे गेली. त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. ते कुठलीही वस्तू धरणाच्या जागेची पाहणी करावी तशी बघतात.

दुकानात तंबू उभे करून ठेवले होते. आप्पांनी चपला बाहेर काढल्या, आत गेले, भिंतीवर टकटक करून पाहिलं (कापडाच्या!) आणि बाहेर येऊन लेबल वाचायला घेतलं. त्यावर लिहिलं होतं, वॉटरप्रूफ २००० मिमी.

"जावईबापू, बेंगळुरूला वर्षाला पाऊस किती?"

"हजार मिलिमीटरच्या आतबाहेर."

"म्हणजे दोन वर्षं चालेल. महाबळेश्वरला नेला तर जुलैअखेर संपला."

दुकानातला मुलगा घाबरला. त्याने हिंदी, इंग्रजी आणि हातवारे असे तिन्ही मार्ग वापरून खुलासा केला की हा आकडा पावसाचा नव्हे. ताणलेल्या कापडावर उभी नळी धरून पाणी भरत जायचं. पाण्याची उंची किती झाल्यावर कापडातून थेंब झिरपतो, तो हा आकडा. आप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे हेड! मग आधी बोलायचं की." तिथून पुढे मुलगा ऐकत होता आणि आप्पा शिकवत होते. छतावर पडणारा पाऊस घसरून जातो. तळाचं तसं नाही, ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की माणसाचा सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर येतो. म्हणून तळाचा आकडा छताच्या आकड्यापेक्षा मोठा हवा, आणि तळाचं कापड कडेने वीतभर वर चढलेलं हवं, धरणाच्या बांधासारखं.

बायकोचे निकष निराळे होते. पँट बदलताना माणूस नमाजाच्या अवस्थेत दिसू नये, म्हणून आत ताठ उभं राहता आलं पाहिजे. खोल्या दोन हव्यात आणि चपलांना पुढे ओसरी हवी. हे सगळं बोगद्याच्या आकाराच्या तंबूत होतं. त्याच्या बाजू सरळ उभ्या, त्यामुळे आत ऐसपैस वाटतं. शेजारी घुमटाकार तंबू होता. तो बसका, पण दोन काठ्या एकमेकींना छेदून आपल्या पायावर उभा राहणारा. "बोगद्याला मेखा लागतात, मॅडम," मुलगा हळूच म्हणाला. "मग मारू की मेखा," आप्पा म्हणाले. तासगावकर!

राहिला प्रश्न माणसांचा. तंबूवर छापलं होतं चार. आम्ही पाच. आप्पांनी टेपने आतली रुंदी मोजली आणि भागाकार केला. दर डोई साठ-सत्तर सेंटिमीटर. "हे माणसांचं माप नाही, शवागाराचं आहे," असं ते मोठ्याने म्हणाले. सामान कुठे ठेवायचं, या प्रश्नावर मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं की चार म्हणजे चार माणसं, सामानाशिवाय. कुटुंबासाठी घेताना दोन आकडे वर जावं. सहाच्या तंबूची किंमत बघून आप्पांनी निर्णय दिला, की मुलं लहान आहेत, दोघांचं मिळून एक धरा.

निघताना गाडीत तंबू सर्वांत खाली गेला, कारण त्याच्यावर बाजार चढला. चिवडा, धपाटी, तिखट सांज्याचा रवा, स्टोव्ह, सतरंजी आणि देवाचा छोटा फोटो. म्हैसूरचा नवा एक्स्प्रेस वे बिडदीला बाजूला टाकून जातो, पण बिडदीच्या तट्टे इडलीसाठी आम्ही रीतसर खाली उतरलो. तिथून आमच्या मुक्कामाचं रामनगर जवळच. खरं तर २०२५मध्ये सरकारने रामनगर जिल्ह्याचं नाव बेंगळुरू दक्षिण केल्यामुळे आम्ही सहलीला म्हणून निघालो आणि कागदोपत्री बेंगळुरूतच राहिलो.

एका गौडांच्या आंब्याच्या बागेत, दरडोई ठरलेल्या भावाने, आम्हाला जागा मिळाली. समोर 'शोले'चे खडक होते. तंबू पसरला, काठ्या ओवल्या, आप्पांनी पहिली मेख धरली आणि हातोडा घातला. चार बोटं तांबडी माती, आणि मग ठण्ण. मेख वाकली. दुसरी वाकली. तिसरी उडून ओढ्यात गेली.

दोष मेखांचा नव्हता. खाली होता क्लोजपेट ग्रॅनाइट, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. क्लोजपेट हे रामनगरचं जुनं नाव, म्हैसूरचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्यावरून पडलेलं. हाच क्लोज पुढे पुण्याला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने दुसऱ्या बाजीरावाकडून वसईचा तह करून घेतला. ज्याच्यापुढे पेशवाई टिकली नाही, त्याच्या नावाच्या दगडात आमच्या मेखा काय शिरणार? गब्बरने राहायला हीच जागा का निवडली, तेही तेव्हा कळलं. इथे कुणी पाहुणा तंबू ठोकून मुक्काम वाढवूच शकत नाही.

शेवटी तणाव्यांना गोटे बांधले. एक तणावा आंब्याला आणि एक गाडीच्या चाकाला बांधला. बोगदा उभा राहिला, पण थोडा पोक काढून. घुमटाचं नाव कुणीही काढलं नाही. जवळच्या रामदेवर बेट्ट्यावर गिधाडांचं अभयारण्य आहे. त्यांच्यातली दोन वरून घिरट्या घालत हे सगळं शांतपणे बघत होती.

रात्री सांजा फस्त झाला. मग बायकोने विंचवाच्या भीतीने सगळ्या झिप ओढल्या आणि आप्पांनी नातवंडांना वारा लागू नये म्हणून छताच्या झडपाही लावल्या. तीनच्या सुमारास माझ्या कपाळावर थेंब पडला. मग आप्पांच्या. "हेड फेल!" ते अंधारात ओरडले. मी बाहेर डोकं काढलं तर आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं. पाऊस बाहेर नव्हताच. पाच माणसांचा श्वास गार कापडाला लागून त्याचं पाणी झालं होतं.

सकाळी गौडा दूध घेऊन आले. त्यांचा रेशमाच्या किड्यांचा व्यवसाय; रामनगरला कोशांचा मोठा बाजार भरतो. त्यांनी ओलं छत बघितलं, बंद झडपा बघितल्या आणि "गाळि बेकु, सार" एवढंच म्हणाले. आप्पांचं कन्नड जतच्या नोकरीतलं. त्यांनी आम्हाला भाषांतर करून सांगितलं, की वारा पाहिजे म्हणतो, त्याच्या किड्यांच्या शेडला चारी बाजूंनी खिडक्या आहेत, एक दिवस बंद राहिल्या तर पीक जातं. मग स्वतःच पुढे म्हणाले, "मी रात्री हेच सांगत होतो." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी दुधाकडे.

हिशेबाची वेळ आली. गौडांनी पाच डोक्यांचे पैसे सांगितले. आप्पांनी त्यांचा हात धरून त्यांना तंबूच्या पिशवीपाशी नेलं आणि छापील आकड्यावर बोट ठेवलं. "नाल्कु. कंपनीनेच लिहिलंय. चारांच्या तंबूत पाच माणसं मावतातच कशी?"

गौडा काही बोलले नाहीत. वाकले, तंबूत डोकं घातलं आणि आतून त्यांचा आवाज आला, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु." ते उशा मोजत होते.

"पाचवी सामानाची," आप्पा म्हणाले.