चंद्रज्योतीचा उपविषय

सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा मागं टाकलं की फटाक्यांच्या पाट्या सुरू होतात. ते आमचं तेरखेडा. तालुका वाशी, जिल्हा धाराशिव, धंदा फटाक्यांचा. दुसऱ्या गावात सल्फर म्हणजे गंधक हे पाठ करून घ्यायला मास्तरचा आठवडा जातो. इथं मी फळ्यावर ‘गंधक’ लिहिलं की मागच्या बाकावरून चालू भाव येतो.

अशा गावात विज्ञान प्रदर्शन म्हणजे घरचं कार्य वाटावं. पण कार्य म्हटलं की आधी पत्रिका, आणि आमच्याकडं पत्रिकेच्या आधी फॉर्म. दरवर्षी एनसीईआरटीकडून एक मुख्य विषय येतो आणि त्याच्या पोटात उपविषय: शेती, आरोग्य, ऊर्जा, वाहतूक, कचरा, पाणी, गणित, असे थोड्याफार फरकानं. पोरानं काय केलंय हे शेवटी विचारतात, ते कुठल्या उपविषयात बसतं हे पहिल्यांदा. तालुक्याला हा रकाना चुकला तर जिल्हा नाही, आणि जिल्हा नाही तर राज्य कुठलं?

या रकान्यावर आमच्या शाळेनं कायमचा तोडगा काढलेला आहे: थर्माकोलचं एक धरण. भिंत पांढरी, पाणी निळ्या ऑइलपेंटचं, खाली सलाइनच्या नळ्या. एका वर्षी ते ‘ऊर्जा’त गेलं, तेव्हा नळीच्या टोकाला एक बल्ब होता. पुढच्या वर्षी बल्ब काढून कोथिंबीर लावली, झाली ‘शेती’. त्याच्या पुढच्या वर्षी कोथिंबीर वाळली, म्हणून ‘जलव्यवस्थापन’. धरण तेच, पाटी नवी.

यंदा मात्र आठवीतल्या एका पोरीनं घोटाळा केला. वडील फटाक्याच्या कारखान्यात कामाला. तिनं विचारलं, “सर, चंद्रज्योतीत रंग कुठनं येतोय?”

मी म्हटलं, “बाई, शाळेत दारू आणायची नाही. कुठलीच.”

तिनं आणली नाही. बाटलीच्या चार टोपणांत चार पुड्या आणल्या. एकीत घरचं मीठ. दुसरीत आजोबांच्या डबीतला चुना. तिसरीत मोरचूद. चौथीत कॅरमची पावडर. शेगडीच्या जुन्या स्प्रिंगचा तुकडा सरळ करून तिनं चिमट्यात धरला, पुडीत बुडवला आणि स्पिरिटच्या दिव्यावर नेला. मिठानं ज्योत पिवळीजर्द झाली. चुना आधी रुसला. मी त्यावर हायड्रोक्लोरिक अॅसिडचे दोन थेंब टाकल्यावर विटकरी बोलला. मोरचुदानं निळसर हिरवा रंग दिला. आणि कॅरमची पावडर, म्हणजे बोरिक अॅसिड, असं काही हिरवं पेटलं की पी. टी.चे सर मैदान सोडून खिडकीत आले.

“सर, वडील म्हणतेत हिरव्याचीच अडचण झाली.” पोरीला नेमकं ठाऊक होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी केली, आणि फटाक्यातला हिरवा रंग बेरियमच्या जिवावर. कॅरमच्या पावडरीनं फटाका होत नाही हे मी तिला सांगितलं. पण बेरियमशिवाय हिरवं दिसतं का, हा प्रश्न आठवीच्या पोरीला पडला होता, आणि तो पुस्तकात नव्हता.

आता उपविषय. मुख्याध्यापक म्हणाले, “जाळ आहे ना? मग ऊर्जा.” लेखनिक म्हणाले, “मोरचूद द्राक्षावर मारतात, शेती लिहा.” गणिताच्या सरांना तरंगलांबी आठवली. पी. टी.चे सर क्रीडा शोधत राहिले. पोरीचे आजोबा मुद्दाम शाळेत आले आणि म्हणाले, “गुरुजी, माझी चुन्याची डबी तेवढी परत द्या, मग काय लिहायचं ते लिहा.”

मला ‘पर्यावरण’ सुचत होतं. पण ते लिहिलं की तक्त्याच्या तळाशी ‘फटाके वाजवू नका’ आलंच, आणि तिच्या घरातली दिवाळी त्याच फटाक्यांतून येते. उपविषय म्हणजे नुसती पाटी नव्हे. निष्कर्षही तोच लिहून देतो. पोरीच्या प्रश्नाला तर अजून निष्कर्षच नव्हता.

मला बन्सेन आणि किर्खोफ आठवले. १८६० साली या दोघांनी अशीच क्षारांची ज्योत प्रिझममधून पाहिली आणि सीझियम हे नवं मूलद्रव्य हुडकलं. बन्सेन रसायनाचा, किर्खोफ भौतिकीचा. त्यांना आमचा फॉर्म दिला असता तर दोघं अजून रकान्यावरून भांडत बसले असते आणि सीझियम आपल्या जागी सुखात राहिलं असतं.

शेवटी ‘ऊर्जा’ लिहिलं. तालुक्याला परीक्षकांनी दिवा पाहिला, हिरवी ज्योत पाहिली, “छान आहे बेटा,” म्हणाले, आणि विचारलं, “पण यातून ऊर्जेची बचत किती होते?” पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं.

पहिला क्रमांक आमच्याच शाळेला मिळाला. थर्माकोलच्या धरणाला. टेम्पोतून उतरवताना भिंतीला तडा गेला होता, म्हणून यंदा ते ‘आपत्ती व्यवस्थापना’त होतं.