प्राणी घरी आली का?

दिवेलागणीला आमच्या सौभाग्यवती अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "प्राणी आली का वो घरी?" आणि गल्लीतली चार दारं धाडधाड लागली. समोरच्याने गाय आत ओढली. ब्रह्मपुरीत अशी हाक कोणी मस्करीत घेत नाही. आमच्या वनविभागात वाघांची वस्ती एवढी की 'प्राणी' ऐकलं की माणूस आधी कडी लावतो आणि मग विचारतो, कोणता? आमची प्राणी तेव्हा शेजारच्या ओसरीवर मुरमुरे खात बसली होती. वय सात, समोरचे दोन दात पडलेले, म्हणजे तूर्तास तरी निरुपद्रवी.

प्राणी हे तिचं नाव नव्हे. नाव प्राणहिता. ते ठेवलं मी, तिच्या आजोबाने, आणि सात वर्षं त्याचा खुलासा करत फिरतो आहे.

नाव सुचलं ते सोयरिकीतून. लेक ब्रह्मपुरीची, वैनगंगेच्या पाण्यावर वाढलेली. जावई बल्लारपूरचे, वर्धेच्या काठचे. वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून येते, वर्धा मुलताईकडून. चपराळ्याजवळ दोघी भेटतात आणि तिथून पुढे ना ही उरते ना ती. जी वाहते ती प्राणहिता. ११३ किलोमीटर धावून ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. लग्नानंतर एकीनेच नाव बदलायचं, ही रीत नद्यांना ठाऊक नाही. दोघीही बदलतात. मग वैनगंगेची लेक आणि वर्धेचा लेक यांच्या पोरीला दुसरं कोणतं नाव शोभलं असतं?

हे मी बारशाला सांगितलं तेव्हा मांडवात शांतता पसरली. पंडितजींनी अक्षर दिलं होतं 'प'. जावयांच्या मोबाइलवर यादी तयार होती : परी, पिहू, प्रिशा. आमच्या गल्लीत आधीच दोन परी आणि एक पिहू होती. तिसरी परी आली असती तर एका हाकेला पंगत बसली असती. मी इरावती कर्व्यांचा दाखला काढला. त्या १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव पडलं. ब्रह्मदेशातली नदी चालते, तर ब्रह्मपुरीच्या पोरीला आपल्याच पाण्याची का चालू नये?

व्याही म्हणाले, "मास्तर, गोदावरी, नर्मदा, चंद्रभागा ह्या नावाच्या नद्या. प्राणहिता ही पुराची."

बोलण्यात तथ्य होतं. गोदावरी, यमुना, नर्मदा नावाच्या आज्या गावोगाव सापडतात. वैनगंगाबाई मला आजवर भेटली नाही, प्राणहिताबाई तर नाहीच. ज्या नदीला पोथी मिळाली तिला पाळणाही मिळाला. आमच्या नद्यांच्या वाट्याला आलं धान, सागवान आणि पूर.

तरी मास्तरकीचा दरारा शिल्लक होता म्हणून नाव मान्य झालं. अडचण पुढेच होती. आमच्या झाडीबोलीला 'ण' मानवत नाही; तिथे 'न' येतो. 'ळ'चा 'र' होतो, डोळ्याचा डोरा होतो. आत्याबाई कानात कुर्र करायला वाकल्या आणि अडखळल्या, "परान... परान..." मागे बसलेल्या म्हातारीने घाबरून विचारलं, "कोनाचा परान गेला वो?" नातीच्या नावाचा पहिला जाहीर उच्चार हा असा झाला.

नावावरून हसायचा अधिकार आमच्या मुलखाला तसाही कमीच. शेजारच्या नागभीड तालुक्यात, नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांनी निवडून निवडून धानाचं एक उत्तम वाण काढलं. त्याला नाव दिलं एचएमटी, त्या काळी मनगटामनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचं. आज अर्धा महाराष्ट्र एचएमटीचा भात जेवतो आणि किती वाजले असं कोणी ताटाला विचारत नाही. पुढच्या एका वाणाला त्यांनी आपलीच आद्याक्षरं दिली, डीआरके. तांदळाला घड्याळ चालतं, पोरीला नदी चालत नाही!

कागदोपत्री काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांच्याच घरी होतं. एका दाखल्यावर ती प्रणिता आहे, दुसऱ्यावर प्रानहिता. एका ठिकाणी मधे जागा सुटल्यामुळे ती 'हिता' झाली आणि तिचं आडनाव पडलं 'प्राण'.

खरा घोटाळा मात्र माझ्या कपाटात होता. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. प्राणहिता म्हणजे प्राणांना हितकारक, चतुर्थी तत्पुरुष. पाणिनीने त्या समासाच्या सूत्रात 'हित' हा शब्द स्वतः घालून ठेवला आहे. हे मी बारशात पेढ्याबरोबर वाटलं होतं. पुढे एका पावसाळी दुपारी काही काम नव्हतं म्हणून हेमचंद्राचा 'अभिधानचिंतामणी' काढून बसलो. बाराव्या शतकातला जैन पंडित, शब्दांचा सावकार. पादुका, पादू, उपानह, पादरक्षण अशी पायात घालायच्या वस्तूंची रांग चालली होती. रांगेच्या शेवटाकडे, ओळखीचं कोणी बाजारात अचानक दिसावं तशी, उभी होती प्राणहिता!

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. दुसरा कोश काढला, त्यानेही तेच सांगितलं. प्राणहिता म्हणजे जोडा.

म्हणजे चपराळ्याचा संगम, दोन कुळं, इरावती कर्वे, पाणिनी एवढी सगळी फौज लावून मी नातीचं नाव चप्पल ठेवलं होतं. कोश मिटला आणि कपाटाला कुलूप लावलं. आमच्या घरात कोणी हेमचंद्र वाचण्याचा धोका नव्हता, पण चोराच्या मनात चांदणं. त्या आठवड्यात कोणी "माझी चप्पल कुठे गेली?" म्हटलं की मी दचकायचो. शेवटी नाइलाजाने सौभाग्यवतींना सांगितलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग? मोहफुलं वेचाले जंगलात अनवानी जाता का जी? काटा, इच्चू, साप. जोडा हायेच परानाच्या हिताचा. बरोबर नाव ठेवलं तुमी."

हेमचंद्राने एवढा खुलासा केला नव्हता. कुलूप काढलं.

प्राणी वाचायला शिकली आणि तिने मोबाइलवर स्वतःचं नाव शोधलं. समोर आले हाडांचे फोटो. प्राणहिता-गोदावरीचं खोरं भूगर्भशास्त्रज्ञांच्या फार आवडीचं, कारण तिथल्या दगडांत डायनासोर सापडतात. त्यातला एक बारापासॉरस टागोराय. 'बारा पा' हे बंगाली, अर्थ मोठा पाय, आणि पुढचं नाव रवींद्रनाथ ठाकुरांच्या सन्मानार्थ. मी हे रंगवून सांगितलं. तिने ऐकले ते मराठी बारा पाय. संध्याकाळपर्यंत चित्र तयार : बारा पायांचा हिरवा प्राणी आणि शेजारी तांबड्या फ्रॉकातली दुसरी प्राणी. जोड्याची गोष्ट तिच्या आजीने एव्हाना तिला सांगून टाकली होती, त्यामुळे चित्रातल्या जनावराच्या प्रत्येक पायात एकेक प्राणहिता होती. मोजून बारा.

पावसाळ्याचे चार महिने आमच्या घरी वर्तमानपत्र जपून वाचावं लागतं. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा भागात मोठा पूर आला तेव्हा ती तीन वर्षांची होती. मी मोठ्याने वाचलं, "प्राणहितेने धोक्याची पातळी ओलांडली." सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "आताच पिठाचा डबा ओतला तिनं. पेपरात इतक्या लवकर कसं आलं?"

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आम्ही तिला सिरोंच्याला नेलं होतं. गुरू मीन राशीत गेला की प्राणहितेचा पुष्कर भरतो, बारा वर्षांतून एकदा. तेव्हा १३ ते २४ एप्रिल असा होता. आलापल्लीपुढच्या रस्त्याने माझी हाडं एकेक करून मोजून हातात दिली. मी बारापासॉरससारखा सुट्या भागांत सिरोंच्याला पोचलो. घाटावर तेलंगणातून आलेल्या माणसांची ही गर्दी. एक म्हातारी पोरीचा गाल धरून म्हणाली, "नी पेरु एमिटि?" पोरगी तोंड फिरवून म्हणाली, "मले पेरू नको." शेजारच्या सिरोंचेकर दुकानदाराने सांगितलं, तेलुगूत पेरु म्हणजे नाव, आजी नाव विचारते. पोरीने मग बोबडं का होईना, पण पूर्ण नाव सांगितलं.

म्हातारीने ना स्पेलिंग विचारलं, ना अर्थ. ओंजळभर पाणी आणून पोरीच्या डोक्यावर शिंपडलं आणि तिच्या ओल्या पायांना हात लावून नमस्कार केला. माझ्या सगळ्या खुलाशांच्या जन्मात त्या नावाला खुलासा न मागणारी ती पहिली व्यक्ती. व्याही बाजूलाच उभे होते. परतीच्या रस्त्यावर, दोन खड्ड्यांच्या मधल्या सपाट जागेत, ते म्हणाले, "मास्तर, नाव बरं आहे." लगेच पुढचा खड्डा आला, त्यामुळे वाक्य तेवढंच राहिलं.

आता दिवाळीत पुन्हा पाळणा हलणार आहे. मुलगी झाली तर प्रश्न नाही. सिरोंच्याच्या खाली सोमनूरला गोदावरीला मिळते ती इंद्रावती, आणि ते नाव मी वहीत लिहून ठेवलं आहे. मुलगा झाला तर मात्र पंचाईत, कारण आमच्या खोऱ्यात नदी नावाचा पुरुषच नाही. कोणाला काही सुचल्यास जरूर कळवावं. 'एचएमटी' सोडून, ते व्याह्यांनी आधीच सुचवलं आहे.