जुनं चालू, नवंही चालू

सांगलीतल्या एखाद्या मुरलेल्या डीटीपीवाल्याकडे जा. टेबलावर दोन संगणक दिसतील. एक चकाचक, त्यावर इनडिझाइन, व्हॉट्सॲप आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने. दुसरा भिंतीकडेचा, कळकट, विंडोज एक्सपीवाला. त्याला इंटरनेटची वायर लावायची नाही, पोरांनी हात लावायचा नाही, धूळ झटकायची ती फक्त दिवाळीला, मालकाच्या हस्ते. धंदा चालतो तो याच्यावर.

त्यात पानं मांडायचं पेजमेकर ७ आहे. २००१ साली आलेली ही त्याची शेवटची आवृत्ती. पुढे ॲडोबीने त्याचं काम थांबवलं आणि इनडिझाइनकडे बोट दाखवलं. इनडिझाइनही सीएस ६ पर्यंत पेजमेकरच्या फायली उघडायचं, मग तेही ओळख दाखवेनासं झालं. पण इतक्या वर्षांच्या लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, जत्रेची हँडबिलं त्याच फायलींत पडलीत. नवं घ्यायचं तर दरमहा भाडं. जुनं एकदा घेतलं की आपलं. (मूळ सीडी जिल्ह्यात कुणी विकत घेतली होती का, हा विषय आज नको.)

वर फॉन्टची भानगड. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं मोबाइलवरून, युनिकोडमध्ये. मग मध्ये बसतो कन्व्हर्टर. त्याची लहर फिरली की रफार एका अक्षरावरून उडून दुसऱ्यावर बसतो आणि नवरीचं आडनाव मांडवाआधीच बदलतं.

सातारा-सांगली हा साखर कारखान्यांचा आणि पतसंस्थांचा पट्टा, म्हणजे एके काळी फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरचाही. डॉसवरच्या या फॉक्सप्रोची एक गंमत सांगण्यासारखी आहे. सुरू होताना तो यंत्राचा वेग मोजायचा: ठरलेलं काम करायला किती वेळ लागला ते बघायचा आणि त्याने भागायचा. प्रोसेसर वेगवान झाले, लागलेला वेळ शून्य भरायला लागला, आणि शून्याने भागाकार केल्याचा ठपका ठेवून फॉक्सप्रो जागच्या जागी बसला. काम इतक्या लवकर होऊ शकतं हे त्याला पटेचना. बहुधा तालुक्याच्या कचेरीत वाढला असावा.

त्याला ठिगळ लावलं, गाडी पुढे निघाली. मग आलं ६४ बिटांचं विंडोज. त्यावर १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत. म्हणून कुणीतरी डॉसबॉक्स शोधला. हे सॉफ्टवेअर मुळात डॉसवरचे जुने गेम खेळता यावेत म्हणून लिहिलेलं. त्यात आता ठेवी आणि कर्जांचा हिशोब बसवायचा. काही पतसंस्थांचा एकूण कारभार पाहता हेतू फारसा बदललाय असं म्हणवत नाही.

हे ऐकून पुण्यात नोकरी करणारा भाचा हसतो. हसू दे. त्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर ‘सिस्टिम ३२’ नावाचा फोल्डर आहे, त्यात ६४ बिटांच्या फायली आहेत. ३२ बिटांच्या फायली कुठे? ज्याच्या नावात ६४ आहे, त्या ‘सिसवाव ६४’मध्ये. कारण असंख्य जुन्या प्रोग्रॅमांत सिस्टिम ३२ चा पत्ता कायमचा कोरलेला होता. नाव बदललं असतं तर ते कोसळले असते. म्हणून नाव राहिलं, आतला माल बदलला. इंटरनेट एक्स्प्लोररचंही तेच. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने त्याला निवृत्त केलं आणि एज ब्राउझरच्या पोटात ‘आयई मोड’ म्हणून चालू ठेवलं, किमान २०२९ पर्यंत. निवृत्तीनंतर मुदतवाढ आपल्याकडच्या साहेबांनाच मिळते असं नाही.

खरा घोळ होतो तो नावांचा. पूर्वी विंडोजमध्ये एका नावाची सामायिक फाईल सगळ्यांत मिळून एकच असायची. नवं सॉफ्टवेअर आलं की आपली आवृत्ती जुनीवर टाकायचं, आणि काल चालणारा प्रोग्रॅम आज रुसायचा. जाणकार याला ‘डीएलएल हेल’ म्हणत. एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टने एकाच नावाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली आणि कुणाला कोणती हवी ते प्रत्येक प्रोग्रॅमला नेमकं सांगायला लावलं.

निवडणूक चिन्हांच्या यादीत अशी सोय नव्हती. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतदान यंत्रावर एका अपक्षाला मिळालं होतं ट्रम्पेट, म्हणजे आपली पिपाणी, आणि यादीत तिचंही मराठी नाव ‘तुतारी’. निकाल लागला. भाजपचे उदयनराजे जिंकले ३२,७७१ मतांनी, आणि पिपाणीला पडली होती ३७,०६२. आमच्या चुलीत कुणी पाणी ओतलं ते कळलं, असं पराभूत पक्ष म्हणाला. त्यांचे विरोधक म्हणाले, रडीचा डाव. संगणक निदान चुकीची फाईल उघडली तर तक्रार करतो. इथे बोटाला शाई लागली, बीप वाजला आणि पुढचा अपडेट थेट २०२९ ला.