अवकाशाकडे जाणारी फाइल

अवकाशाची आवड आणि सरकारी धोरणाची नोकरी यांची सांगड अकोल्याच्या जठारपेठेत अजून स्थळाच्या बायोडेटात बसत नाही. मुलगा एकतर नीटला बसतो, नाहीतर एमपीएससीला. वास्तविक ही वाट जुनी आहे. वसंत गोवारीकर रॉकेटच्या घन इंधनावर काम करत विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले आणि १९८६ मध्ये दिल्लीत विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव. मान्सूनच्या अंदाजाचे १६ घटकांचे प्रारूप त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वऱ्हाडातल्या कास्तकाराला रॉकेटपेक्षा तेच जवळचे. अंदाज चुकला की शिव्या तरी देता येतात.

अवकाश खात्याची रचनाही सोयीची. इस्रोचा अध्यक्ष हाच अवकाश विभागाचा सचिव, त्यामुळे प्रस्ताव पाठवणारा आणि त्यावर शेरा मारणारा यांच्यात सहसा मतभेद होत नाहीत. खासगी कंपन्यांच्या परवानग्यांसाठी २०२० मध्ये इन-स्पेस निघाली, २०२३ मध्ये धोरण आले. अवकाश कायद्याचा मसुदा मात्र २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला, त्याचा कायदा काही झाला नाही. तेव्हा इच्छुकांनी दुर्बीण जरूर घ्यावी. पण आधी टिपणी लिहायला शिकावे.