माल मरो, धंदा तरो

व्यवस्थापनाच्या वर्गात एक प्रश्न घालतात. कंपनीचा माल दहा वर्षं टिकतो. तो पाचच वर्षांत मोडेल असा केला, तर खर्च कमी आणि खप दुप्पट. करावं का? नफा-तोटा मांडा, नैतिक बाजूही तपासा.

या पेपराचं केंद्र चुडाव्याला द्यावं, अशी माझी सूचना आहे. येणं सोपं आहे. पूर्णा सोडली की पुढचं स्टेशन, डुलकी लागली तर थेट नांदेड. परीक्षक म्हणून कृषी सेवा केंद्राच्या बाकावर मृगाची वाट बघणारी मंडळी बसवा. पोरं ज्या मालाचा नुसता प्रस्ताव मांडतात, तो ही मंडळी दर जूनमध्ये पैसे मोजून घरी नेतात. एका हंगामापुरतं बी.

सरकीची बॅग घ्या. आत मोजून ४७५ ग्रॅम. त्या कापसातून निघालेली सरकी पुढच्या साली लावली, तर एक झाड कमरेला, शेजारचं छातीला आणि बोंडं आपापल्या मर्जीची. संकरित वाणाची दुसरी पिढी अशीच फुटते. म्हणून पुन्हा दुकान. कंपनीने यात काही बिघडवून ठेवलेलं नसतं, निसर्गानेच तिची सोय केली आहे. आणि शिव्याच द्यायच्या तर सुरुवात घरातून करावी लागेल. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० साली सुरतच्या सरकारी कापूस संशोधन केंद्रावर निघाला. नांदेडच्या केंद्राने पुढे एनएचएच-४४ दिला आणि आमच्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. वेचणी वाढली होती, दरवर्षीच्या बॅगेचा हिशोब कोण करतो? २००२ मध्ये बोंडअळीला रोखणारं बीटी बियाणं आलं तेही संकरित वाणात बसूनच. अमेरिकेत बीटी कापूस सरळ, म्हणजे बी पुन्हा पेरता येणाऱ्या वाणात असतो, म्हणून तिथे शेतकऱ्याने बी घरी ठेवू नये यासाठी करारावर सही घ्यावी लागते. इथे कागद लागत नाही. झाडच वसुली करतं.

एवढ्यानेही कुणाचं पोट भरलं नव्हतं. मार्च १९९८ मध्ये डेल्टा अँड पाइन लँड ही बियाणे कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांनी जोडीने एक पेटंट मिळवलं. पीक येणार, पण त्यातलं बी रुजणार नाही. गहू, सोयाबीन अशी जी पिकं घरच्या बियाण्यावर चालतात, त्यांचीही नसबंदी. विरोधकांनी बारसं केलं, टर्मिनेटर. जगभर बोंब झाली, ऑक्टोबर १९९९ मध्ये ती कंपनी विकत घ्यायला निघालेल्या मोन्सँटोने हे बाजारात आणणार नाही असं जाहीर केलं, आणि आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने असल्या वाणाची नोंदणीच नाकारली. त्याच कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला घरचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, अगदी विकायचाही हक्क दिला. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही.

वर्गातल्या गणितात एक आकडा गाळलेला असतो, तो बल्बवाल्यांनी बरोबर धरला होता. १९२४ साली जिनिव्हात फिलिप्स, ओसराम वगैरे एका पंगतीला बसले आणि बल्ब हजार तासच जळावा असं ठरलं. ज्याचा बल्ब फार जास्त टिकेल, त्याला दंड. सगळी अक्कल या दंडात आहे. एकट्याने माल कच्चा केला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. म्हणून आधी शेजारचं दुकान ताब्यात घ्यायचं, माल नंतर कच्चा करायचा.

सोयाबीनच्या बाबतीत हे जमत नाही, कारण शेजारचं दुकान शेतकऱ्याच्या घरातच असतं. परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस-७१ एकदा आणलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचं बी चालतं. उन्हाळ्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर बिनघोर पेरा. थोडे कमी असले तर एकरी बी वाढवा. फारच कमी असले तर मोंढा आहेच. जपायचं एवढंच की या दाण्याचं टरफल पातळ असतं. थैली वरून आपटली की आतला कोंब मेलाच.

२०२० च्या जूनमध्ये तर विकतचं सोयाबीन मराठवाड्यात ठिकठिकाणी उगवलंच नाही. आदल्या साली काढणीच्या वेळच्या पावसात बियाणं भिजलं होतं, असं कारण पुढे आलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून दखल घेतली. वर्गातल्या त्या प्रस्तावाची ही परमावधी म्हणायची. मालाचं आयुष्य शून्य आणि बिल पक्कं. त्यानंतर कृषी खात्याने घरचं बियाणं राखण्याची मोहीम आणखी जोरात चालवली. कंपनीचं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीने पळवलं नाही, ते घरच्या कोठीत जाऊन बसलं.

कापसातही आता हे होऊ शकतं. परभणीच्याच विद्यापीठाने अलीकडे एनएच-१९०१, १९०२ आणि १९०४ ही बीटी कापसाची सरळ वाणं काढली आहेत. त्यांची सरकी पुढच्या साली पुन्हा लावता येते. येत्या मृगाआधी दुकानात जाऊन ती मागून बघा. दुकानदार चहा सांगेल, खुर्ची देईल आणि बहुधा दुसरीच बॅग पुढे सरकवेल. गिऱ्हाईक पुढच्या साली फिरकणार नाही असा माल फळीवर पुढे कोण मांडतो?